आपल्या भाषेतला अबोला

लिफ्टकाकांना नोकरीत दोनच वाक्यं लागत. लिफ्ट बंद पडली की वर चढून पाहायचं आणि म्हणायचं, "बंद आहे." दुरुस्त झाली की खाली उतरून म्हणायचं, "चालू झाली." एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळी नोकरी काढली. मधलं जे काही बोलायचं असतं, म्हणजे का बंद पडली, पुन्हा कधी पडेल, याला जबाबदार कोण, ते गिऱ्हाईक स्वतःच बोलत असतं. शिवाय लिफ्ट ही जागाच अशी आहे की तिथे शिरल्यावर बोलका माणूससुद्धा छताकडे बघत उभा राहतो. काकांनी उभं आयुष्य त्या छताच्या वरच्या बाजूला काढलेलं.

घरी तर दोन वाक्यांचीही गरज नव्हती. घरी 'हं' पुरत असे. काकांकडे 'हं' बरेच होते. एक होकाराचा, एक नकाराचा, एक 'ऐकलं नाही, पण तू सांगत राहा' असा, एक भूक लागल्याचा. कानाला सगळे सारखेच. काकूंना मात्र ते बरोबर कळत, तेही स्वयंपाकघरातून, पाठमोऱ्या, नळ सोडलेला असताना. मग काकू गेल्या. तेव्हापासून काका 'हं' म्हणतात आणि तो घरात तसाच पडून राहतो.

अशा माणसाला साहेबांनी बोलावून सांगितलं की इंग्रजीची परीक्षा द्या.

साहेबांचं म्हणणं गैर नव्हतं. कंपनीने परदेशी लिफ्टांचं काम घेतलं होतं. या लिफ्टा बंद पडल्या की पान्याने उघडत नाहीत. आधी परदेशात फोन लावायचा, तिथला माणूस इंग्रजीत विचारणार, आपण इंग्रजीत सांगायचं, मग तो तिकडून परवानगी देणार. म्हणून कंपनीने फतवा काढला की वर्ष संपायच्या आत मधल्या पातळीचं इंग्रजीचं प्रमाणपत्र हवं.

"आणि नाही मिळालं तर?" काकांनी विचारलं. हे त्यांचं त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं.

"तर काय, लवकर निवृत्ती," साहेब हसून म्हणाले. "पुष्कळ केलंत काका. आता घरी बसा निवांत."

काका तारांना लोंबकळून जगलेले. त्यांना घाबरवणारी जगात एकच जागा होती, ती म्हणजे रविवारी दुपारची त्यांची स्वतःची बाहेरची खोली. त्या खोलीत रविवारच्या जागी रोजची दुपार बसवायची, या कल्पनेने ते तिथून उठून थेट शिकवणीत नाव घालायला गेले.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर औषधं सांगणारे निदान विचारतात तरी, काय होतंय म्हणून. परीक्षेला बसलेल्याला तेवढंही विचारत नाहीत. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "सोपं आहे हो. इंग्रजी बातम्या लावायच्या आणि झोपायचं. आपोआप शिरतं." काकांनी तसं केलं. झोप उत्तम लागली. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी आरशासमोर जबडा सैल सोडून बोलण्याचा व्यायाम शिकवला आणि जाता जाता एक दाढ काढून घ्यायला सुचवलं. थोरल्या ताईचा फोन आला. तिने सल्ला दिला नाही. तिला नुसतं हसू आवरेना.

"अरे, तू शाळेत जायच्या वयापर्यंत बोलला नव्हतास! आईने घाबरून डॉक्टरकडे नेलं तुला. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही याला, याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. आणि तू इंग्रजी बोलणार?"

"हं," काका म्हणाले.

"काय हं? भूक लागलीय का राग आलाय?"

ताई सख्खी बहीण, पण तिलाही त्याचा 'हं' कधी नेमका ओळखता आला नाही.

शिकवणी एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होती. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे दमट दिवशी सगळा वर्ग कडक दिसे. शिकवणाऱ्या बाई काकांच्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर. वर्गातली बाकीची मंडळी कॉलेजातली. पहिल्या दिवशी काका आत आले तेव्हा सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, परीक्षक आले. त्या एका मिनिटात काकांना जो मान मिळाला, तो पुढे पूर्ण शिकवणीभर हप्त्याहप्त्याने परत गेला.

वाचन काकांना जमलं. लेखन, मुकाट करायचं असल्यामुळे, बरं जमलं. ऐकण्याच्या भागात तर ते वर्गात पहिले आले. बाईंनी कौतुकाने विचारलं, "काका, इतकं छान ऐकायला कुठे शिकलात?" काकांनी वही मिटली. पण उत्तर त्यांना माहीत होतं.

गाडं अडलं बोलण्यावर. बोलण्याची परीक्षा जोडीने असते. दोन उमेदवार समोरासमोर बसवतात, पुढ्यात चित्रं ठेवतात आणि म्हणतात, यातलं काय निवडाल ते आपसांत बोलून ठरवा. मार्क नुसते बोलण्याला नसतात. समोरच्याला त्याचं मत विचारायचं, तो बोलत असताना थांबायचं, मग त्याच्या बोलण्याला धरून पुढे बोलायचं. थोडक्यात, माणसाने माणसाशी बोलताना जे करायला हवं आणि सहसा कोणी करत नाही, ते सगळं परदेशी भाषेत करायचं.

"व्हॉट डू यू थिंक? हे वाक्य विसरायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि काका, 'हं'ला मार्क नाहीत."

काका घायाळ झाले. ज्या एका नाण्यावर त्यांचा संसार चालला, ते चलनातूनच बाद झालं होतं.

सराव कोणाबरोबर करायचा? वर्गातली मुलं आपापसांत जोड्या लावून मोकळी झाली. शेवटी काकांनी एक निवांत जागा शोधली. शहरात कचेऱ्यांची एक उंच इमारत होती, तिच्या लिफ्टांची देखभाल त्यांच्याकडे होती. केबिनच्या डोक्यावर उभं राहून, शाफ्टच्या अंधारात, तारांना ग्रीस लावता लावता ते मोठ्याने म्हणू लागले, "व्हॉट डू यू थिंक?" आणि मग समोरचा विचार करतोय असं समजून थोडं थांबू लागले.

त्याच आठवड्यात कंपनीकडे तक्रार आली की लिफ्ट मत विचारते.

तक्रार वरच्या मजल्यावरच्या विमा कचेरीची होती. तिथल्या एका बाईंनी बटण दाबलं की वरून खोल आवाज यायचा, तुम्हाला काय वाटतं? त्या बाई आधीच नोकरी सोडावी की नाही या विचारात होत्या. तिसऱ्यांदा लिफ्टने विचारल्यावर त्यांनी राजीनामा दिला. कंपनीने तातडीने आपला सर्वांत अनुभवी माणूस पाठवला, म्हणजे काकांनाच. काकांनी सगळी लिफ्ट तपासली आणि अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, 'दोष सापडला. आवाज बंद केला.'

ज्या दिवशी सरावाची तीही जागा गेली, त्या संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या पत्नी उभ्या. काकांनी दार उघडलं आणि ते उघडंच धरून उभे राहिले. कारण पोस्टमास्तर आणि काका यांच्यात अबोला होता.

हा अबोला साधासुधा नव्हता, सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी काकांनी इमारतीच्या सभेत सुचवलं होतं की आपल्याकडे लिफ्ट बसवू. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्टचा माणूस आहे आणि रोज जिना चढून घरी येतो, लोक हसतात. तळमजल्यावरचे पोस्टमास्तर उठले. लिफ्टचा खड्डा नेमका त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशी येणार होता. ते म्हणाले, "तळमजल्याला लिफ्टचा काय उपयोग? देवाने पाय दिलेत ते कशाला? न्हाव्याला सगळीकडे वाढलेले केसच दिसणार." त्यावर काका, जे कधी बोलत नसत, ते नेमकं त्या दिवशी बोलले. "पोस्टात राहून राहून तुम्हाला सगळंच उशिरा पोचवायची सवय लागलीय!" सभा हसली. लिफ्ट नामंजूर झाली. आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

पुढे काकू आजारी पडल्या आणि जिना उतरवेना, तेव्हा डॉक्टरकडे न्यायच्या पहिल्याच दिवशी पोस्टमास्तर आपल्या घरची हातांची खुर्ची घेऊन वर आले. न बोलता. काकूंना खुर्चीत बसवलं, एका बाजूने काकांनी धरलं, दुसऱ्या बाजूने पोस्टमास्तरांनी. पुढे प्रत्येक वेळी तसंच. अबोला न मोडता भरलेली खुर्ची तीन मजले उतरवणं, वळणावर फिरवणं, याला कसब लागतं. ते कसब काकूंचं होतं. त्या खुर्चीत बसून दोघांच्याही वतीने बोलत. "भाऊजी, तुमची बाजू जरा वर. अहो, तुम्ही थांबा, त्यांना दम लागलाय. हं, आता चला." शेवटी खुर्ची रिकामी खाली गेली. पोस्टमास्तरांनी ती एकट्याने नेली. अबोला तसाच राहिला, कारण तो मोडायचा कसा हे दोघांनाही सुचलं नाही आणि ज्यांना सुचलं असतं त्या आता नव्हत्या.

"भाऊजी," दारातल्या वहिनी म्हणाल्या, "आत येऊ का, की दारातच सांगू? आम्ही मुलाकडे राहायला निघालोय, कायमचे. तिथल्या सरकारला दोघांचंही इंग्रजीचं प्रमाणपत्र हवंय. मी पहिल्या झटक्यात पास झाले."

"आणि ते?"

"बोलण्यात नापास. जोडीला कॉलेजातली मुलगी आली होती. तिने यांना तोंडच उघडू दिलं नाही. शेवटी थँक यू म्हणायला यांनी आ केला, तर तेही तिनेच म्हटलं." वहिनींनी आवाज खाली केला. "यांना जोडीला कमी बोलणारा माणूस हवाय. उभ्या इमारतीत दुसरं कोण आहे?"

"पण आमचं बोलणं नाही."

"इंग्रजीत कुठे भांडलात?" वहिनी म्हणाल्या. "अबोला आपल्या भाषेतला आहे. तो खुशाल ठेवा."

काकांनी पुष्कळ विचार केला. कायद्याने त्यात खोट सापडेना.

नाव नोंदवायला दोघं परीक्षा केंद्रावर गेले. बसमध्ये पुढेमागे बसून. अर्जात एक रकाना होता, जोडीदाराशी नातं. मित्र, नातेवाईक, सहकारी, इतर. दोघांनीही 'इतर'वर खूण केली. कारकून म्हणाला, "इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं."

दोघं एकमेकांकडे बघू लागले. आपल्या भाषेत विचारायची सोय नव्हती. पोस्टमास्तरांनी घसा खाकरला. "व्हॉट शाल वी राइट?"

"आय डोन्ट नो," काका म्हणाले. आणि मग, बाईंची शिकवण आठवून, "व्हॉट डू यू थिंक?"

"यू आर अप. आय ॲम डाउन."

"आय अग्री."

कारकून पेन खाली ठेवून बघत राहिला. "अहो, घरात सुद्धा इंग्रजीत बोलता की काय? मग परीक्षा कशाला देताय?"

रकान्यात 'वर-खाली' असं लिहिलं गेलं. कारकुनाने ते नातेवाईकांत धरलं.

सराव कुठे करायचा यावर पेच होता. वर जायचं तर पोस्टमास्तरांचा मान जातो, खाली यायचं तर काकांचा. शेवटी जिन्यातली मधली जागा ठरली. पहिल्या संध्याकाळी पोस्टमास्तर घरातून दोन खुर्च्या घेऊन आले. एक घडीची, एक ती हातांची. हातांची त्यांनी मानाने काकांपुढे ठेवली. काका उभेच राहिले. पोस्टमास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांनी ती परत खाली नेली आणि एक स्टूल आणलं.

इंग्रजीचा एक मोठा गुण काकांच्या लवकरच लक्षात आला. मधल्या पातळीच्या इंग्रजीत भांडता येत नाही. पुस्तकात भांडणाचा धडाच नव्हता, तो वरच्या परीक्षेला असावा. होती ती सगळी वाक्यं पायघड्या घातल्यासारखी. तुमचा मुद्दा मला समजतो, पण. तुमचं बरोबर असेलही, तरी. कृपया पुन्हा सांगता का? ही वाक्यं घोकून घोकून दोघं इतके सभ्य झाले की जिन्यातून जाणारे लोक चप्पल न वाजवता जाऊ लागले. दंतवैद्य रोज थांबून दोघांच्या जबड्यांचं निरीक्षण करत. सेक्रेटरींनी मात्र लेखी हरकत घेतली की सामायिक जागेचा वापर परदेशी भाषेसाठी करता येतो का, हे नियमावलीत स्पष्ट नाही.

चित्राचं वर्णन करण्यात काका कच्चे होते. स्वयंपाकघरातलं हसरं कुटुंब दाखवलं तर ते म्हणत, स्विच सैल आहे, कपाटाचं दार तिरकं आहे. "पीपल," पोस्टमास्तर बोटाने दाखवत, "प्लीज सी पीपल." हळूहळू काकांना माणसं दिसू लागली. रविवार दुपारचे सराव लांबत गेले. चित्रं संपली की ते पुस्तकाबाहेरचं विचारत. मुलाचं घर कसं आहे? थंडी असते का? यू विल लाइक इट? यावर पोस्टमास्तर एकदा म्हणाले, "सन इज बिझी. आय विल सिट ॲट होम."

हे वाक्य काकांना शब्दकोश न उघडता समजलं.

परीक्षेच्या दिवशी दोघं इस्त्रीचे शर्ट घालून बसले. समोर दोन परीक्षक. एक बाई प्रश्न विचारणाऱ्या आणि कोपऱ्यात एक गृहस्थ, ज्यांचं काम काही न बोलता नुसतं ऐकणं आणि मार्क देणं. अशी नोकरी असते हे काकांना आधी कोणी सांगितलं नव्हतं याचं त्यांना वाईट वाटलं.

नाव, काम, आवडीनिवडी सुरळीत पार पडलं. मग बाईंनी पुढ्यात चित्रांचा कागद सरकवला. एक जुनी इमारत आहे, त्या म्हणाल्या, रहिवाशांना एकच सोय करून घ्यायची आहे. बाग, सायकलींची जागा, जिन्यात बाकडी, लिफ्ट. आपसांत बोला आणि ठरवा.

दोघं कागदाकडे बघत राहिले. लिफ्टच्या चित्रात दार उघडं होतं आणि आत एक म्हातारी बाई उभी होती. काकांना स्विच दिसला नाही, दार दिसलं नाही. फक्त बाई दिसली.

कोपऱ्यातल्या गृहस्थांचं पेन वर उचललं गेलं. मार्क चालले होते.

"आय थिंक," पोस्टमास्तर खाली मान घालून म्हणाले, "लिफ्ट इज बेस्ट. ओल्ड पीपल. सिक पीपल. स्टेअर्स आर व्हेरी डिफिकल्ट. व्हॉट डू यू थिंक?"

काकांच्या नेमका 'हं' ओठावर आला होता. तो त्यांनी गिळला.

"आय सी युअर पॉइंट," ते म्हणाले. "बट लिफ्ट मेक्स नॉइज. देअर इज अ विंडो ऑन ग्राउंड फ्लोअर. रूम विल बी डार्क."

"विंडो इज स्मॉल प्रॉब्लेम."

"नो, नो. गुड विंडो. अँड ग्राउंड फ्लोअर पीपल डू नॉट नीड लिफ्ट. गॉड गेव्ह लेग्ज."

"यू मे बी राइट," पोस्टमास्तर कळवळून म्हणाले, "बट लिफ्ट शुड कम अर्लिअर. इट इज लेट. व्हेरी लेट. लाइक पोस्ट ऑफिस."

"पोस्ट ऑफिस इज नॉट लेट! पोस्ट ऑफिस केम. विथ चेअर."

परीक्षक बाईंनी कागदावर खुर्ची शोधली. ती चित्रात नव्हती.

"आय थिंक बेंच," काका निकराने म्हणाले.

"आय थिंक लिफ्ट."

"प्लीज. बेंच."

"प्लीज. लिफ्ट."

सभेत जे भांडण घडलं होतं, तेच आता बाजू बदलून, पायघड्यांवरून, परक्या माणसांसमोर चाललं होतं आणि दोघंही हटायला तयार नव्हते. शेवटी बाईंनी हात वर केला. वेळ संपली होती. ठरलं काहीच नव्हतं. कोपऱ्यातले गृहस्थ चष्मा पुसत होते.

परतीच्या बसमध्ये दोघं एका बाकावर बसले. नापास झालो, एवढं दोघांनाही कळलं होतं.

निकाल लागला तेव्हा दोघंही पास होते. शेऱ्यात लिहिलं होतं, 'निर्णयापर्यंत पोचता आलं नाही. मात्र एकमेकांच्या म्हणण्याचा विचार फार चांगला केला.' साहेबांनी काकांचं अभिनंदन केलं, परदेशी लिफ्टा त्यांच्याकडे दिल्या आणि घरी बसण्याचा विषय पुन्हा काढला नाही. दरवाज्याशी टॅक्सी आली त्या दिवशी काकांनी पोस्टमास्तरांच्या जड बॅगा उतरवल्या. तळमजला असल्यामुळे उतरवायला तीनच पायऱ्या होत्या. निघताना पोस्टमास्तरांनी सेक्रेटरींच्या हातात लिफ्टला संमती असल्याची चिठ्ठी दिली. काकांनी पुढच्याच सभेत त्यावर लेखी हरकत नोंदवली. प्रकरण अजून चालू आहे.

मग एका रविवारी दुपारी, बाहेरची खोली अगदी बाहेरच्या खोलीसारखी झालेली असताना, फोन वाजला.

"हॅलो. हाउ आर यू?" लांबून पोस्टमास्तर.

"आय ॲम फाइन. हाउ इज वेदर?"

हवा झाली, काम झालं, मुलगा बिझी असल्याचं झालं. अबोल्याचा मान राखून सगळं रीतसर इंग्रजीत चाललं होतं. वहिनी मागून ओरडून काहीतरी सांगत होत्या. तिकडे कुठेतरी नळ चालू होता.

"अँड व्हॉट डिड यू ईट टुडे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

काकांना उत्तरासाठी चांगलं वाक्य जुळवायचं होतं. पण समोर परीक्षक नव्हता आणि दुपार लांब होती.

"हं," ते म्हणाले.

पलीकडे पोस्टमास्तर विचार करत असावेत.

"म्हणजे जेवला नाहीत अजून," पोस्टमास्तर आपल्या भाषेत म्हणाले. "अहो, किती वाजले? आधी जेवून घ्या बरं. मग लावतो फोन."

काका उठले. सकाळचं होतं ते गरम केलं, ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. अबोला मोडला, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या घासाला आलं.